स्वादुपिंड बेटाची सुधारणा

एका जंगलात, मुलांनो, सगळं अगदी ठीक चाललं होतं, आणि म्हणूनच तिथे कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. असं ठिकाण तुमच्या पाहण्यात असेल तर हात वर करू नका. गोष्ट लांबते.

या जंगलाचा राजा सिंह नव्हता. आपल्याकडच्या जंगलात सिंह कुठून आणायचा? राजा होता गवा. अंगाने दांडगा, डोक्याने बेताचा आणि जिभेने गोडखाऊ. राजाला याहून जास्त काही लागत नाही.

जंगलातून एक नदी वाहत होती. वरच्या डोंगरावर मोहाची झाडं होती, मधाची पोळी होती. फुलं गळून पाण्यात पडत, थोडा मध ठिबकत राही, त्यामुळे नदीचं पाणी गोडसर असे. काठाने प्राण्यांची घरं होती. कुणाची गुहा, कुणाचं बीळ. प्रत्येक घराला नदीकडे एक दार. दार उघडलं की गोड पाणी आत येई आणि घरातले जेवत.

मग दार उघडंच का ठेवत नसत? हे विचारणारं एक पोर दर वेळी असतंच. उघडं ठेवलं तर मुंग्या लागतात, म्हणून. आता पुढे.

नदीच्या मधोमध एक बेट होतं. त्याचं नाव स्वादुपिंड.

"ते तर पोटात असतं," असं मागच्या रांगेतली चष्मेवाली म्हणते आहे. असतं बाई. पोटात, जठराच्या मागे, आणि त्यात अशी लाखो बेटं असतात असं डॉक्टर सांगतात. मी आत जाऊन पाहिलेलं नाही. आपण आपलं एकच बेट घेऊ. मला एकच सांभाळता येतं.

या बेटावर दोनशे बेडक्या राहत. बेडकांमध्ये नर ओरडतात, असं तुमच्या विज्ञानाच्या बाई सांगतील आणि त्यांचं बरोबरच असेल. पण स्वादुपिंडावर कामाला बायकाच होत्या.

या बेडक्यांची एक गंमत होती. प्रत्येकीच्या गळ्याखाली हवेची पिशवी होती आणि पिशवीला एक बारीक भोक होतं. त्यातून हवा सारखी निसटे. म्हणून एरवी बेडकी गप्प. पाणी गोड झालं की ती ते चाखे. गोडाने भोक चिकटे, हवा आत कोंडे, पिशवी फुगत जाई, आणि शेवटी डराँव! ते ऐकलं की काठावरची दारं उघडत.

म्हणजे ओरडायचं कधी हे बेडकी ठरवत नसे. राजाही ठरवत नसे. पाणी ठरवत असे.

बेडक्या बसत अंगाला अंग चिकटवून. मधोमध सगुणाबाई बसे. ती सगळ्यांत थोरली. तिची पिशवी आधी फुगे, तिच्या अंगाची थरथर शेजारणीच्या अंगात जाई, तिथून तिच्या शेजारणीत, आणि दोनशे जणी एका दमात ओरडत.

बेटावर एक कासव होतं. बजाबा. पाणी गोड झालेलं त्यालाही कळे, पण कासवाच्या वेगाने. बेडक्यांचं ओरडणं रंगात आलं की तो मान लांब करी, एक पाय उचली, सगुणाबाईच्या पाठीवर ठेवी आणि म्हणे, "पुरे गं."

की बेडक्या थांबत. काठावरची दारं मिटत. प्राणी जेवत, त्यांच्या कानांना विसावा मिळे, बेडक्यांचे घसे पुन्हा ओले होत. पाणी अजून गोड असेल तर पुन्हा डराँव, पुन्हा "पुरे गं". दिवसभर हेच. बजाबाला दुसरं काही बोलताना क्वचितच कुणी ऐकलं असेल.

आणि बेटाच्या टोकाला होती अंबू टिटवी. तिचं काम उलटं. पाणी अळणी झालं की ती कलकलाट करी. तो डोंगरावर बारकू अस्वलाला ऐकू जाई. बारकूकडे मधाचा साठा असे. तो त्यातला थोडा नदीत ओती. बेडक्या ओरडत असल्या की मात्र अंबू चोच मिटून बसे. कधी विसरलीच तर बजाबा तिच्याही पाठीवर पाय ठेवी.

"त्या बोलतात तेव्हा मी बोलत नाही," ती सांगे. "दोघींनी एकदम तोंड सोडलं तर त्या अस्वलानं ऐकायचं कुणाचं?"

असं सगळं चाललं होतं. कुणी हुकूम काढत नव्हतं, कुणी बैठक घेत नव्हतं. राजाला तर बेट नदीत आहे की डोंगरावर हेही धड ठाऊक नव्हतं. म्हणून नीट चाललं होतं.

मग राजाच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली.

आता पंचवीस वर्षं झाली की राजाने गप्प बसून आपलं काय चुकलं ते आठवावं. पण तशी पद्धत नाही. राजाने हुकूम काढला, "आनंदाप्रीत्यर्थ दहा पोळी नदीत पाडा!"

पाडली. पाणी काय गोड झालं! सगळे खूश. दुसऱ्या दिवशी राजाला साधं पाणी फिकं लागलं. आणखी दहा पाडली. तिसऱ्या दिवशी वीस. उत्सव एक दिवसाचा होता, तो सहा महिने चालला.

बेडक्या ओरडत राहिल्या, दारं उघडत राहिली. प्राण्यांनी पोटं भरली. मग काय करायचं? उरलेल्या पाण्यातला गोडवा आटवून त्यांनी त्याच्या ढेपा पाडल्या आणि दाराशी रचल्या. कशाला? असू द्याव्यात म्हणून. शेजाऱ्याकडे आहेत म्हणून. ढेपांवर ढेपा चढत गेल्या, आणि त्या जंगलातली दारं आतल्या बाजूला उघडणारी होती.

एके दिवशी बेडक्या ओरडल्या आणि साळिंदराचं दार बोटभरच उघडलं.

"अहो, दार उघडा की," काठावरून ससा म्हणाला.

"ऐकू आलं हो," साळिंदर आतून म्हणालं. "पण ढेपा आड येतात."

"मग खाऊन टाका."

"साठवलेलं खायचं असतं होय?" साळिंदर रागावलं.

सशाचंही दार दुसऱ्या दिवशी अडकलं. आठवडाभरात राजाचंही. नदीत गोड, घरात ढेपा आणि पोटात भूक. सगळं जंगल हडकलं. राजाचे डोळे खोल गेले. तो संतापून म्हणाला, "बेडक्या ओरडतात आणि दारं उघडत नाहीत. म्हणजे बेडक्या नीट ओरडत नाहीत!"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं तुमची आजी म्हणत असेल. म्हणत नसेल तर तिला विचारा. तिने असे राजे पाहिले असतील.

त्याच सुमाराला जंगलात एक पोपट आला होता. राघूसाहेब. शहरातल्या एका कचेरीत, बड्या साहेबांच्या केबिनमध्ये, तो सात वर्षं पिंजऱ्यात होता. साहेब जे जे बोलत ते सगळं त्याला पाठ होतं. एकदा पिंजऱ्याची कडी लावायची राहिली आणि तो अनुभवी म्हणून बाहेर पडला.

राजाने त्याला बेटाची पाहणी करायला सांगितलं. पिंजऱ्यात बसून राघूसाहेब उडायचं विसरले होते. बेटापर्यंत त्यांना जाता येईना. मग त्यांनी काठावरच्या जांभळीवर बसून एक दुपार पाहणी केली आणि राजाकडे आले.

"महाराज, बेडक्या अर्धा वेळ गप्प असतात. नोंद घ्यावी."

"अर्धा वेळ?"

"मोजलाय. शिवाय घोळका करून बसतात. त्यामुळे कोण किती ओरडतं ते कळत नाही. कामचुकारांचं फावतं. आणि तिसरी बाब गंभीर आहे. तिथे एक कासव आहे. त्याचं उत्पादन शून्य. उलट ते चालू काम थांबवतं."

"थांबवतं?"

"'पुरे' म्हणतं, महाराज."

राजा उठून उभा राहिला. "माझ्या राज्यात पुरे?"

दुसऱ्याच दिवशी पाणमांजरं हुकूम घेऊन बेटावर पोहोचली. प्रत्येक बेडकीला स्वतंत्र दगड. दगड एकमेकांपासून वाव वाव, म्हणजे दोन्ही हात पसरले तर होतं तेवढ्या, अंतरावर. प्रत्येकीच्या पिशवीचं भोक धावड्याच्या डिंकाने बुजवायचं, म्हणजे हवा निसटणार नाही आणि आवाजात खंड पडणार नाही. कासवाने बेट सोडायचं.

"अहो, पण डिंकाने बुजवल्यावर पाणी गोड आहे का अळणी ते आम्हाला कसं कळणार?" सगुणाबाईने विचारलं.

"चाखायचं काम आता वरून होणार आहे," पाणमांजर म्हणालं.

"वर कोण आहे चाखणारं?"

"ते हुकमात नाही."

बजाबाने मान आत घेतली, बाहेर काढली आणि तो निघाला. कासवाचं निघणं ते.

सुधारणेचा पहिला दिवस थाटात गेला. दोनशे दगडांवरून सारखा आवाज. डराँव डराँव डराँव. पण एकीचा सूर दुसरीत मिसळेना. एक संपवी तेव्हा दुसरी सुरू करी. पूर्वी डराँव आणि शांतता असं होतं, आता नुसती गजबज. राजा म्हणाला, "याला म्हणतात काम!"

दुसऱ्या दिवशी पहाटे नदी अळणी होती. पहाटे ती तशीच असते. पण डिंक कुठे पाणी चाखतो? बेडक्या ओरडत राहिल्या. ज्यांची दारं अजून थोडी उघडत होती त्यांनी ती उघडली आणि नदीत होता नव्हता तो गोडवा ओढून घेतला. जांभळीवरच्या माकडाच्या वाट्याला नुसतं पाणी उरलं आणि त्याला घाम फुटला. हात कापू लागले. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते धपकन खाली पडलं. अंबू टिटवी जीव खाऊन ओरडली, बारकूने घाईने मध ओतला, तेव्हा कुठे माकड उठून बसलं.

राघूसाहेबांनी कळवलं, "माकडांचा झाडावरून उतरण्याचा वेळ निम्म्यावर आला. नोंद घ्यावी."

महिना गेला. काठावरच्या प्राण्यांना त्या आवाजाची सवय झाली. सारखं ऐकू येणारं ऐकू येईनासं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. तुमची आई सकाळी उठवते तेव्हा काय होतं? काहींनी तर कानांत बोळे घातले. दारं आधी ढेपांमुळे उघडत नव्हती, आता उघडायचं कुणाच्या मनातही येईना. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

राघूसाहेब म्हणाले, "आवाज कमी पडतोय. डिंक वाढवा."

अंबू टिटवीचीही पंचाईत झाली. बेडक्या ओरडताहेत की नुसती गजबज चालू आहे हे तिला उमजेना. तिच्या पाठीवर पाय ठेवून तिला गप्प करणारंही कुणी राहिलं नव्हतं. ती बावचळली आणि नदी गोड असतानाही कलकलू लागली. बारकू बिचारा सरळ. टिटवी ओरडली की ओतायचं एवढंच त्याला ठाऊक. त्याने गोड नदीत आणखी मध ओतला.

नदी घट्ट झाली. चिकट झाली. मासे पालथे पडू लागले. राजाच्या खुराला काटा लागला होता, ती जखम भरेचना. राजाचे पाय बधिर झाले. तो जिथे लघवी करून येई तिथे मुंग्यांची रांग लागे. हसू नका. जुने वैद्य हे पाहूनच रोग ओळखत आणि गंभीर होत.

आणि बेटावर बेडक्यांचे घसे जायला लागले.

आधी हौसा गेली. सगुणाबाईच्या उजव्या अंगाला बसायची ती. ओरडता ओरडता तिच्या पिशवीतून नुसती हवा आली, मग तीही आली नाही. सगुणाबाई आपल्या दगडावरून बघत राहिली. हात लावायला हौसा फार लांब होती. मग धुरपा गेली. मग रोज चार, रोज पाच.

मुलांनो, मला इथे फार वाईट वाटतं. त्या आळशी नव्हत्या. त्यांनी आपलं काम एक दिवस चुकवलं नव्हतं. त्यांचा दोष एवढाच की दारं दुसऱ्यांची अडकली होती आणि ओरडायला या होत्या.

राघूसाहेबांचा हुकूम आला, "ज्या दगडावरून आवाज येत नाही तेथील बेडकीस समज द्यावी." पाणमांजर हौसाच्या दगडापाशी गेलं आणि मेलेल्या हौसाला हुकूम वाचून दाखवला. दोनदा. एकदा वाचल्याने समज दिली असं धरत नाहीत.

दोनशेंपैकी अकरा उरल्या तेव्हा सगुणाबाई पोहत राजाकडे गेली. घसा इतका बसला होता की राजाला वाकून ऐकावं लागलं.

"महाराज, आम्हाला थोडे दिवस गप्प बसू द्या."

"गप्प?" राजा म्हणाला. "इथे जंगल उपाशी मरतंय आणि तुम्हाला गप्प बसायचंय?"

"ओरडून दारं उघडत नाहीत, महाराज. दाराशी ढेपा आहेत. त्या आधी खाल्ल्या पाहिजेत. आणि नदीत पोळी पाडायची थांबवली पाहिजेत."

राजाने राघूसाहेबांकडे पाहिलं.

"बेडकीने घशाबद्दल बोलावं," राघूसाहेब म्हणाले. "दारं हा तिचा विषय नव्हे. नोंद घ्यावी."

"माझ्या एकशे एकोणनव्वद जणी गेल्या, साहेब."

"म्हणजे अकरांवर जबाबदारी वाढली. अभिनंदन."

सगुणाबाई परत फिरली. तिला रडू येत होतं, पण रडायलाही थोडा घसा लागतो. बेटाच्या कडेला, पाण्यापासून हातभर अलीकडे, तिला एक ओळखीची पाठ दिसली.

"बजाबा? तुम्ही अजून इथंच?"

"निघालोय की," बजाबा म्हणाला. "तीन महिनं झालं. आलोच म्हनायचं काठावर."

सगुणाबाई त्याच्याशेजारी मटकन बसली. मग बजाबाने मान लांब केली, पाय उचलला आणि तिच्या पाठीवर ठेवला.

"पुरे गं, सगुणा."

तीन महिन्यांत तिला पहिल्यांदाच कुणी हात लावला होता.

सगुणाबाई उठली. आपल्या पिशवीवरचा डिंक तिने खडकावर घासून घासून काढला. मग एकेका दगडापाशी जाऊन उरलेल्या दहा जणींचा काढला. त्यांना घेऊन ती बेटाच्या मधल्या ओल्या जागेत आली. अकरा जणी एकमेकींना चिकटून बसल्या. बजाबा त्यांच्याकडे परत यायला निघाला, आणि या वेळी, सांगतात, जरा भरभर चालला.

बेट गप्प झालं.

काठावर एकच हलकल्लोळ उडाला. "बेडक्यांनी संप केला!" राजाने पाणमांजरांना बोलावलं. पाणमांजरं म्हणाली, नदी इतकी चिकट झाली आहे की आमच्याने पोहवत नाही. राजाने बारकूला निरोप धाडला की आणखी पोळी पाड. बारकूने उलट निरोप दिला की डोंगरावर एकही पोळं उरलेलं नाही, साठाही संपला, आता काय डोंगर पाडू?

नदी हळूहळू निवळत गेली. पाच-सहा दिवसांत नुसतं पाणी वाहू लागलं. अंबू टिटवी कलकलून दमली. नदीत काही नाही, बारकूकडे काही नाही. प्राण्यांनी दोन दिवस राजाला शिव्या दिल्या, एक दिवस नशिबाला दिल्या. मग साळिंदराने इकडे तिकडे पाहिलं, दाराशी रचलेल्या ढेपांतली एक ओढली आणि खाल्ली.

"शेजाऱ्याला सांगू नकोस," ते बायकोला म्हणालं.

शेजारीही तेच करत होता. सगळं जंगल चोरून आपापल्या ढेपा खात होतं. राजा तर पाठमोरा बसून खाई. दिवसेंदिवस रास खाली आली, दारं मोकळी झाली. शांततेत कानांचे बोळे कधी निघाले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि एका दुपारी वरच्या अंगाला मोह फुलला. चार फुलं गळली. पाणी जेमतेम गोड झालं.

सगुणाबाईने ते चाखलं. किती महिन्यांनी! पिशवीचं भोक चिकटलं. हवा कोंडली. तिच्या अंगाची थरथर शेजारणीत गेली, आणि अकरा जणी मिळून एकदा, फार मोठ्याने नव्हे, ओरडल्या.

काठावरची सगळी दारं उघडली.

बजाबा आता जवळ पोहोचला होता. "पुरे गं," तो म्हणाला. दारं मिटली, प्राणी जेवले, आणि राजाच्या खुराची जखम त्या दिवसापासून सुकू लागली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. बेडक्यांचा सत्कार, बजाबाला मानाची जागा, राजाला पश्चात्ताप. तुम्ही लहान आहात म्हणून तुम्हाला असं वाटतं.

राघूसाहेब राजापुढे गेले. "महाराज, अभिनंदन! पूर्वी दोनशे बेडक्या जे काम करत ते आपण अकरा बेडक्यांकडून करून घेतलं. बचत पाहावी."

राजा थक्क झाला. "खरंच की! मग आधी दोनशे कशाला होत्या?"

"हाच प्रश्न मी विचारत होतो. आणि महाराज, अकरांवर भागतं, तर पाचांवर का भागू नये?"

राजाने सगुणाबाईला बोलावून घेतलं. उद्या दुपारपर्यंत सहा जणींनी बेट सोडायचं. कोणत्या सहा ते तिने ठरवायचं. दुपारी राघूसाहेब स्वतः मोजणी करतील. पाचपेक्षा एक जरी जास्त आढळली तर सगळ्याच जातील.

त्या बेडक्या बेटाबाहेर फार दिवस जगत नसत. हे राजालाही ठाऊक होतं. निदान त्याला सांगितलं गेलं होतं.

सगुणाबाई बेटावर आली आणि तिने दहा जणींना सगळं खरं सांगितलं.

"कुणाला काढनार?" बजाबाने विचारलं.

"मला नाही जमायचं ते," सगुणाबाई म्हणाली. "एकीला काढलं तर शेजारणीच्या अंगाला लागणार कोण? मोजू देत त्यांना. काय व्हायचं ते सगळ्यांचं मिळून होईल."

तिच्याकडे दुसरी कुठलीही युक्ती नव्हती. गोष्टीतल्या बेडकीकडे असते तशीही नव्हती. अकरा जणी नुसत्या आणखी जवळ सरकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी राघूसाहेब जांभळीवर येऊन बसले. या सगळ्या गोडव्याच्या काळात त्यांचे डोळे अधू झाले होते. बेट त्यांना एका हिरव्या डागाएवढं दिसत होतं. पण तसं कबूल करणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं. त्यांनी ठरवलं, कानाने मोजू.

वर मोहाची फुलं गळली. पाणी गोड झालं. अकरा पिशव्या एकदम फुगल्या.

डराँव!

"एक," राघूसाहेब म्हणाले आणि दुसरीची वाट पाहू लागले.

दुसरी येईना. मधे बजाबाचं "पुरे" झालं. मग पुन्हा डराँव. तोच आवाज, तेवढाच. राघूसाहेबांनी मान वाकडी करून, डोळे मिटून, संध्याकाळपर्यंत ऐकलं. दर वेळी एकच.

ते राजाकडे गेले. त्यांचा ऊर भरून आला होता.

"महाराज, बेटावर बेडकी एकच आहे."

"एक? मी तर पाच म्हटलं होतं!"

"उद्दिष्टापेक्षा चार कमी. काम पूर्वीइतकंच. नोंद घ्यावी."

राजाने सभा भरवली. राघूसाहेबांना बेटसुधारक अशी पदवी दिली, रोजचे चार पेरू बांधून दिले आणि त्यांचं भाषण ठेवलं. भाषणात त्यांनी सांगितलं की दोनशेंचं काम एकीवर आणण्यामागे त्यांची सात वर्षांची तपश्चर्या आहे. टाळ्या झाल्या. साळिंदर टाळ्या वाजवायला सगळ्यांत पुढे होतं.

मग टाळ्या थांबल्यावर राघूसाहेब राजाच्या कानाशी वाकले. "महाराज, एकीवर भागतं, तर तीही नसली म्हणून काय बिघडेल?"

राजा विचारात पडला. तो अजून विचार करतो आहे. राजाला विचार करायला वेळ लागतो, तेवढंच त्या बेटाचं आयुष्य. अकरा जणींना यातलं काहीही ठाऊक नाही. पाणी गोड झालं की त्या ओरडतात, आणि काठावर कुणीतरी दार उघडून जेवायला बसतं.

आता तुम्ही विचाराल, यातून घ्यायचं काय? शाळेत तुम्हाला सांगतील की एकीचं बळ मोठं असतं. खरं आहे. एकी इतकी मोठी असते की अकरा जण मिळून राबले की वर एकाचीच नोंद होते. म्हणून, बाळांनो, दुसऱ्यासाठी घसा कोरडा करण्याच्या भानगडीत पडू नका. गणित शिका. मोजता आलंच पाहिजे असं मुळीच नाही. काठावरच्या झाडावर मोजायला बसता आलं की झालं.